डोक्यावरचा तांब्या

जेसल पार्कच्या चौपाटीवर खाडीचं पाणी पाहून टाळ्या पिटणारा आमचा दोन वर्षांचा नातू सकाळी बादली भरू लागली, की पलंगाखाली शिरायचा. एकदा डोळ्यांत साबण गेला, तेवढंच निमित्त. ‘दोघांनी धरा, रडू दे थोडं,’ हा माझा जुन्या वळणाचा सल्ला.

सूनबाई म्हणाली, ‘बाबा, त्याला पाण्याचं भय नाही. अचानक डोक्यावर पडणाऱ्या तांब्याचं आहे.’

या वयात अनेक मुलांना असं भय वाटतं, आणि ते ओसरतंही. जबरदस्तीनं मात्र वाढतं. तिनं आठ दिवस डोकं धुतलंच नाही. कोपरानं पाहिलेलं कोमट पाणी, आधी प्लास्टिकच्या हत्तीची आंघोळ, मग याचे पाय, गुडघे, पोट. प्रत्येक तांब्याआधी ‘पाणी येतंय हं!’ अशी वर्दी. आणि बादलीजवळ त्याला क्षणभरही एकटं सोडलं नाही. चार बोटं पाणीही घात करतं.

नवव्या दिवशी त्यानं तांब्या उचलून माझ्याच डोक्यावर ओतला. वर्दी न देता! मी केवढा दचकलो!

बँकेत उभी हयात कर्जदारांना मुदत देत आलो. नातवाला आठ दिवसांची मुदत द्यायला मात्र सून लागली.