बोअर मारण्यापूर्वी जमीन तपासून घ्या



बोअर कोरडी गेली तरी कर्जाचे हप्ते चुकत नाहीत. म्हणून यंत्र बोलावण्यापूर्वी जमिनीच्या पोटात काय आहे, याचा अंदाज घेणे शहाणपणाचे आहे.

आपल्या निपाणी-चिकोडी भागात लाव्हारसाचे थर एकावर एक साचून काळा कातळ तयार झाला आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते साठते मुरमात, भेगांत व सच्छिद्र मांजऱ्या दगडात. म्हणूनच एका शेतात पाणी लागते आणि बांधापलीकडे नुसती धूळ उडते.

हे थर विजेच्या साहाय्याने ओळखता येतात. फ्रान्समधील कॉनराड श्लुंबर्झे यांनी १९१२ साली अशा प्रयोगांस प्रारंभ केला. चार लोखंडी सळ्या एका सरळ रेषेत जमिनीत ठोकतात. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडतात व आतल्या दोहोंमध्ये तिचा दाब मोजतात. बाहेरच्या सळ्या जसजशा दूर न्याव्या, तसतशी खोलवरची माहिती मिळते. ५० मीटर खोलीपर्यंतचा अंदाज घेण्यास साधारण २०० ते ३०० मीटर सरळ मोकळी जागा लागते. म्हणून हे काम ऊस तुटल्यावर करावे.

ओला, कुजका खडक विजेला सहज वाट देतो. अखंड कातळ अडवतो. या अडथळ्याचे माप ओहम-मीटर. आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या प्रदेशात साधारणपणे २० ते ४० हा आकडा ओलसर मुरमाचा, ४० ते ७० भेगाळ खडकाचा आणि त्याहून बराच मोठा आकडा अखंड कातळाचा समजतात. गोकाककडे वालुकाश्म आहे; तेथे हे आकडे लावू नयेत.

मात्र यंत्राला प्रत्यक्ष पाणी दिसत नाही. चिकणमातीचा आकडाही लहानच येतो. खोलवरची बारीक भेग निसटू शकते. विजेच्या मोठ्या तारा, लोखंडी पाइप व तारेचे कुंपण यांमुळे मोजणी चुकते. म्हणून "इथे पाणी नक्की लागणार" अशी हमी देणाऱ्यापासून सावध राहा, मग त्याच्या हातात नारळ असो की यंत्र.

तपासणी करणाऱ्याला शेजारच्या विहिरी-बोअरची खोली, पाणी कोठे लागले व उन्हाळ्यात किती टिकते, हे सांगा. शेतात दोन-तीन ठिकाणी मोजणी करून घ्या व आकड्यांचा कागद मागून जपून ठेवा. सर्वत्र थोड्याच खोलीवर अखंड कातळ दिसला, तर बोअरचा हट्ट सोडून तो पैसा बांधबंदिस्ती, शेततळे व ठिबक यांकडे वळवावा. कोरडी बोअर टळली, तर तपासणीचा खर्च सार्थकी लागला असे समजावे.