भाताच्या पिंपांवरचं नाटक

1906 चा वसंत. चीनच्या झजियांग प्रांतात, शाओशिंगजवळच्या डोंगराळ शंगशिएन भागातल्या एका खेड्यात भात झोडायची लाकडी पिंपं ओळीनं मांडली गेली, त्यांवर दारांच्या फळ्या टाकल्या गेल्या. एरवी दारोदार कथा गाऊन चार पैसे मिळवणारे शेतकरी त्या फळ्यांवर सोंगं घेऊन उभे राहिले. आज ‘युएजु’ म्हणून गाजलेल्या संगीत नाटकाची ही पहिली रंगभूमी.

तेव्हा सगळे नट पुरुष होते. 1923 मध्ये त्याच भागात मुलींचं पहिलं पथक तयार होऊ लागलं. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून प्रेक्षकांना वेड लावत होते, तेव्हा तिकडे खेड्यातल्या पोरी राजपुत्राची चाल घोटत होत्या. पुढच्या पंधरा वर्षांत शांघायच्या नाट्यगृहांतून पुरुष जवळजवळ दिसेनासे झाले. बायकांनी उभा केलेला हा नायक तलवारबाज कमी आणि हळवा विद्यार्थी जास्त. माझ्या मते युएजुची खरी कमाई तोच.

पण गाणं अजून उडतं, चटपटीत होतं. दुःख त्यात मावत नसे. युआन श्वेफन या नटीला हे सलत होतं. 1942 पासून लिखित संहिता, दिग्दर्शक, नेपथ्य यांचा आग्रह तिनं धरला आणि त्यासाठी स्वतःच्या कमाईतला मोठा वाटा घातला. पुढच्याच वर्षी ‘श्यांगफेई’ नाटकात नवऱ्याचं कापलेलं शिर समोर येतं, त्या प्रसंगी तिचा टाहो ठरलेली चाल सोडून खाली, संथ लयीत उतरला. साथीला चौ पाओत्साय होता. त्याचा हात पेकिंग ऑपेरातही फिरलेला. तिथल्या एका संथ गायकीची सुरावट धरून त्यानं तिला सावरलं. नटी आणि साथीदार यांच्या त्या विश्वासातून ‘छृत्याव’ ही गायकी जन्मली, आणि पुढच्या बहुतेक नामवंत नट्यांच्या शैली तिच्यातूनच फुटल्या.

‘लियांग शानपो आणि चू यिंगथाय’ हा नव्या चीनचा पहिला रंगीत कथापट युएजुचाच. 1954 च्या जिनिव्हा परिषदेत पंतप्रधान चौ एन-लाय यांनी तो परदेशी पाहुण्यांना ‘चीनचे रोमिओ-ज्युलिएट’ एवढीच ओळख करून देत दाखवला. कथेत चू शिकण्यासाठी मुलाचा वेश घेते, आणि सोबत शिकणाऱ्या लियांगला ती मुलगी असल्याचं तीन वर्षं कळत नाही. पडद्यावरची चू म्हणजे युआन श्वेफन. आणि तिला न ओळखणारा तो भाबडा लियांग, फान रुइच्युआन, हीसुद्धा बाईच.