रात्री लाइट गेली आणि सकाळी मशीन ‘गायब’? समजून घ्या, स्टॅटिक आयपी का लागतो!

भांडुप म्हटलं की आधी आठवतं ते मुंबईला पाणी पुरवणारं जलशुद्धीकरण केंद्र. पण याच भांडुपमध्ये लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आजूबाजूला लहान-मोठे औद्योगिक गाळेही आहेत. अशा गाळ्यांत एक तक्रार नेहमी ऐकू येते. रात्री लाइट जाते, सकाळी सगळं चालू होतं, पण कॉम्प्युटरला मशीन काही सापडत नाही. मशीन ठणठणीत, केबलही जागेवर. मग बिघडलं काय?

बऱ्याचदा बिघडलेलं काहीच नसतं. फक्त पत्ता बदललेला असतो.

जुनं मशीन नेटवर्कवर येतं कसं?

जुनी सीएनसी मशीन, वजनकाटे, वीज आणि पाण्याची मीटर ‘सीरियल’ भाषेत बोलतात. आरएस-२३२ हे त्यातलं मानक १९६० चं, तर कारखान्यांत आजही चालणारं मॉडबस १९७९ चं. या मशीनना इंटरनेटची केबल थेट लागत नाही. म्हणून मध्ये एक छोटी डबी बसवतात, तिला ‘सीरियल डिव्हाइस सर्व्हर’ म्हणतात. एका बाजूला मशीनची वायर, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची. ही डबी दोघांमधली दुभाषी!

पत्ता बदलतो कशामुळे?

नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला आयपी ॲड्रेस लागतो. तो साधारणपणे राउटर आपोआप वाटतो. मोबाइल किंवा लॅपटॉपला ते चालतं, कारण इंटरनेटकडे तेच जातात. इथे मात्र उलट आहे. कॉम्प्युटरला डबीकडे जायचं असतं आणि त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा जुना पत्ता लिहिलेला असतो. राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि त्याच्याकडची नोंद पुसली गेली, तर डबीला नवा पत्ता मिळू शकतो. घर बदललेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर पत्र पाठवावं, तसंच हे. उपाय एकच, डबीला कायमचा पत्ता द्यायचा. हाच स्टॅटिक आयपी.

तो कसा द्यायचा?

१. आधी राउटरच्या सेटिंगमध्ये तो कोणते पत्ते वाटतो ते पाहावं. समजा तो १९२.१६८.१.१०० ते २०० वाटत असेल, तर डबीसाठी त्याबाहेरचा पत्ता निवडावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना, याची खात्री करावी. एकच पत्ता दोघांना गेला तर दोघंही अडखळतात.

२. डबीचा कंपनीने दिलेला पत्ता माहितीपुस्तिकेत असतो. मोक्सा कंपनीच्या एनपोर्ट डब्यांचा तो १९२.१६८.१२७.२५४ असतो. आपलं नेटवर्क १९२.१६८.१ चं असेल तर ही डबी दिसणारच नाही. अशा वेळी डबी थेट कॉम्प्युटरला जोडावी आणि कॉम्प्युटरला तात्पुरता १९२.१६८.१२७.१० असा पत्ता द्यावा.

३. ब्राउझरमध्ये डबीचा पत्ता टाकून तिचं पान उघडावं. तिथे नवा आयपी, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे म्हणून राउटरचा पत्ता भरावा. आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करावेत. मग सेव्ह करून डबी रीस्टार्ट करावी.

४. कॉम्प्युटर पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर आणावा, डबी नेटवर्कला जोडावी, पिंग करून पाहावं आणि सॉफ्टवेअरमध्ये नवा पत्ता भरावा.

पिंगला उत्तर येतं, पण मशीन बोलत नाही? मग बॉड रेट आणि पॅरिटी तपासावी. मशीन ९६०० वर आणि डबी १,१५,२०० वर असेल तर संवाद होणार नाही.

शेवटी नवा पत्ता कागदावर लिहून डबीवर चिकटवावा. सेटिंग करणारा माणूस नोकरी सोडून गेला तरी काम अडत नाही.

यासाठी पैसे मोजावे लागतात का?

नाही! इंटरनेट कंपन्या जो स्टॅटिक आयपी पैसे घेऊन देतात, तो बाहेरच्या जगासाठीचा पत्ता. गाळ्याच्या आतला पत्ता फुकट असतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते अशा खासगी वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत.

धोका कुठे आहे?

ही डबी थेट इंटरनेटवर उघडी ठेवणं आणि तिचा मूळ पासवर्ड न बदलणं महागात पडू शकतं. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनच्या वीज कंपन्यांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. त्या वेळी हल्लेखोरांनी उपकेंद्रांमधल्या अशाच डब्यांचं फर्मवेअर बिघडवलं होतं. त्यामुळे दुरून उपकेंद्र चालवता येईना आणि कर्मचाऱ्यांना जागेवर जाऊन हाताने वीज सुरू करावी लागली.

म्हणून डबीला कायमचा पत्ता जरूर द्यावा, पण तो गाळ्याच्या आतच राहील याची काळजी घ्यावी.