स्पॅनिशचं 'मे, ते, ले' अडतंय? 'मले, तुले, त्याले' आठवा!

मोबाइलवर स्पॅनिश शिकताना अनेकांची गाडी सर्वनामांपाशी अडते. धडे इंग्रजीतून असतात आणि स्पॅनिश वाक्याची ठेवण मात्र इंग्रजीसारखी नसते. वाशिम, रिसोड, कारंजाकडे वऱ्हाडी बोलणाऱ्यांना ती ओळखीची वाटेल. कशी, ते पाहू.

'मला आवडतो' कसं म्हणायचं?
इंग्रजीत आवडणाऱ्या वस्तूऐवजी 'मी' कर्ता होतो. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो', म्हणजे 'मला आवडतो आंबा'. इथे कर्ता आंबा. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस'. आपणही 'आवडतात' म्हणतोच. इंग्रजी धड्यात याला 'इनडायरेक्ट ऑब्जेक्ट प्रोनाउन' असं अवघड नाव असतं. आपल्या शाळेतली चतुर्थी आठवली तरी काम भागतं.

लक्षात कसं ठेवायचं?
मले म्हणजे 'मे', तुले म्हणजे 'ते', त्याले किंवा तिले म्हणजे 'ले'. यातलं 'म' आणि 'त' यांचं साम्य जुनं आहे, कारण दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या. 'ले' जुळतो तो योगायोगाने.

'मी' कुठे गेला?
स्पॅनिशमध्ये मी म्हणजे 'यो', पण तो बहुतेकदा गाळतात. 'उद्या येईन' यात कोण येणार हे क्रियापदच सांगतं, तसंच तिथेही.

तू की तुम्ही?
जवळच्या माणसाला स्पॅनिशमध्येही 'तू'च म्हणतात! मान द्यायचा तर 'उस्तेद'. हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून आला. म्हणून त्याच्यासोबत क्रियापद तृतीय पुरुषाचं येतं. इथे चूक हमखास होते.

फरक कुठे?
'आम्ही' आणि 'आपण' या दोन्हींसाठी तिथे 'नोसोत्रोस' हा एकच शब्द. फक्त बायकाच असतील तर 'नोसोत्रास'. उलट 'बोलतो' आणि 'बोलते' या दोन्हींना 'आब्लो' हे एकच रूप.

'मले-तुले' म्हटलं की 'शुद्ध बोल' असं ऐकावं लागलेली मुलं वऱ्हाडात कमी नाहीत. खरं तर 'मला' आणि 'मले' यांची विभक्ती एकच, प्रत्यय तेवढा वेगळा. परीक्षेत प्रमाण मराठी लिहावीच लागते. पण नवी भाषा शिकताना घरची बोली विसरायची गरज नाही. तिचं व्याकरण तुम्हाला आधीच येतं.