फाट्यावरचा फोटो आणि त्याखालची ओळ

वारंगा फाट्यावर गाडी थांबते ती खिचडीसाठी. नांदेडहून हिंगोली-अकोल्याकडे जाणारा महामार्ग आणि तुळजापूर-लातूरकडून यवतमाळ, वर्धा, नागपूरकडे जाणारा महामार्ग इथे एकत्र येतात. ट्रकवाल्यापासून आमदारापर्यंत सगळ्यांना इथे त्याच बाकावर बसून प्लेट रिकामी करावी लागते. कळमनुरी तालुक्यातलं हे ठिकाण नकाशावर लहान. पण मराठवाडा आणि विदर्भ यांच्यातली वाहतूक अडवायची तर याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. त्यामुळे रास्ता रोको इथे नवा नाही. सोयाबीनचा भाव, पीकविमा, आरक्षण अशी कारणं बदलतात, फोटो मात्र तोच येतो. रस्त्यावर ठाण मांडून बसलेली माणसं, वर गेलेले हात, मागे ट्रकांची रांग, कडेला घड्याळ बघणारा फौजदार. दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर दोन कॉलमी जागा आणि खाली फोटोओळ : वारंगा फाटा येथे रास्ता रोको करताना कार्यकर्ते. दहा वर्षांनी ते कात्रण हाती आलं तर मागणी कोणती होती, साल कोणतं होतं, पुढे बसलेली बाई कोण होती, यातलं काहीही त्यावरून कळत नाही.

आंदोलनं, रोगांच्या साथी आणि माणूस-वन्यप्राणी संघर्ष ही जगभरच्या वृत्तछायाचित्रणाची तीन मोठी क्षेत्रं. बक्षिसं यांना मिळतात, वादही यांच्यावरून होतात. चर्चा बहुतेक वेळा फोटोतल्या क्षणाची, प्रकाशाची, छायाचित्रकाराच्या धाडसाची असते. फोटो साक्षीला उभा राहतो तो मात्र खालच्या ओळीच्या जोरावर, आणि आपल्याकडे नेमकी तीच ओळ सर्वांत निष्काळजीपणे लिहिली जाते.

याला कारणं आहेत. तालुक्याच्या गावात बातमीचा फोटो काढणारा माणूस मुळात लग्नाचे फोटो काढणारा. रोलच्या काळात छत्तीस फोटोंपैकी तीस वऱ्हाडाचे आणि उरलेल्यांत एखादा मोर्चा, अशी त्याची कमाईची वाटणी. फोटो धुऊन, बातमीसोबत पाकिटात घालून ते पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती नांदेडला किंवा औरंगाबादला जायचं. मागे घाईघाईत पेनाने लिहिलेल्या दोन ओळी. जागा नसली की उपसंपादक फोटो ठेवायचा आणि ओळ कापायचा. छायाचित्रकाराचं नाव तर त्याआधीच गळालेलं. आता पाकीट जाऊन व्हॉट्सअॅप आलं, पण कापाकापी तशीच राहिली. उलट पूर्वी मागे निदान पेनाचं अक्षर असायचं.

आंदोलकांनी मात्र फोटोचं गणित फार लवकर ओळखलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्याच सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकायला काढले. किडनी ७५ हजार, यकृत ९० हजार, डोळे २५ हजार, असं दरपत्रकच केलं आणि ते थेट मुंबईकडे निघाले. निवेदनात कर्जाचे आकडे नेहमीच असतात, त्यांचा फोटो होत नाही. दरपत्रकाचा होतो. याला स्टंट म्हणणारे होते. माझ्या मते ही शुद्ध पत्रकारिता होती : फोटोओळ कुणी नीट लिहिणार नाही हे ठाऊक असल्यामुळे शेतकऱ्यांनी ती स्वतः लिहून फोटोच्या आत आणून ठेवली.

मोर्चांच्या फोटोचं रूप महाराष्ट्रात बदललं ते २०१६ मध्ये. कोपर्डीतल्या बलात्कार आणि खुनाच्या घटनेनंतर ९ ऑगस्टला औरंगाबादेत पहिला मराठा मूक मोर्चा निघाला आणि पुढच्या महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतून ड्रोनने टिपलेले फोटो आले. घोषणा नाहीत, व्यासपीठावर नेता नाही, तेव्हा वरून दिसणारी संख्या हाच मजकूर ठरला. छायाचित्रकार पूर्वी बँकेच्या गच्चीवर चढायचे. आता कॅमेरा इतका वर गेला की माणसाचा चेहराच उरला नाही. दीड वर्षाने, मार्च २०१८ मध्ये, बरोबर उलटं घडलं. नाशिकहून १८० किलोमीटर चालत आलेल्या किसान लाँग मार्चमधून जगभर गेले ते पाय : सोललेले, फोड आलेले, आदिवासी बायांचे पाय. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून हे लोक शेवटची वाटचाल रात्रीतून करून १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. त्या पायांनी मुंबईकर हेलावला हे खरं. पण ते पाय वनहक्काच्या दाव्यांसाठी तहसील कचेरीच्या खेपा वर्षानुवर्षं घालत होते, आणि तिथे कॅमेरा नव्हता. फोटोत वेदना आली, सातबारा आला नाही.

मराठवाड्यातला गेल्या काही वर्षांतला सर्वांत जड फोटो मात्र आंदोलनाचा नाही. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला असलेले, मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरिया भागातले. कोरोनाच्या टाळेबंदीत गाड्या बंद आहेत असं समजून रुळांवरून भुसावळच्या दिशेने चालले होते आणि थकून रुळांवरच झोपले. सकाळी जे फोटो आले त्यांत मृतदेह दाखवण्यासारखे नव्हते. दिसल्या त्या खडीवर विखुरलेल्या चपात्या आणि चपला. कॅमेरा धरणाऱ्याने तिथे काय टाळलं, याला मी त्याने काय टिपलं याहून जास्त मान देतो. पण माझ्या मोबाईलवर तो फोटो आला तेव्हा त्यावर छायाचित्रकाराचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, आणि सोबतच्या मजकुरात तारीखही नव्हती. आठवड्याभरात त्याखाली कविता आली, मग दुसरी. त्या माणसांचा कारखाना, ठेकेदार, अडकलेला प्रवासाचा पास याबद्दलची ओळ कवितांच्या ढिगाखाली गेली. दुःखाचा फोटो असा सुटा झाला की तो कुणाचाही होतो, म्हणजे जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

साथीच्या फोटोंची महाराष्ट्रातली परंपरा जगातल्या सर्वांत जुन्या परंपरांपैकी आहे आणि ती सुरू झाली ती सरकारी कॅमेऱ्याने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली, आणि त्या काळात कॅप्टन मॉस या लष्करी अधिकाऱ्याने काढलेल्या फोटोंचे अल्बम तयार झाले. घरझडती घेणारी पथकं, रेल्वे स्थानकावरची तपासणी, विलगीकरणाच्या छावण्या, इस्पितळांतले रुग्ण. रचना नेटकी : साहेब मधोमध, रुग्ण ओळीने. ओळींमध्ये अधिकाऱ्यांची नावं मिळतात, झोपलेल्याचं क्वचितच. पुण्यात याच मोहिमेच्या जाचातून २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. अल्बममधल्या स्वच्छ, शिस्तबद्ध चित्रांवरून तो संताप कळणं शक्य नाही. आणि त्याच साथीत रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ ला गेलेल्या सावित्रीबाई फुले? पाठीवर आजारी पोर घेऊन निघालेल्या सावित्रीबाई आपण पाहतो त्या चित्रकारांनी नंतर काढलेल्या. कॅमेरा छावणीच्या या बाजूला होता, सावित्रीबाईंचा दवाखाना होता त्या हडपसरच्या माळावर नव्हता.

त्याच १८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी पुन्हा बाहेर निघाला. या वेळी निदान कॅमेरा सरकारच्या हाती नव्हता. रॉयटर्सचे दानिश सिद्दीकी यांनी एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीतल्या स्मशानाचा वरून घेतलेला फोटो जगाने पाहिला. वस्तीला लागून चिताच चिता. परदेशी माध्यमं आमच्या चिता विकतात, अशी ओरडही झाली. जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकला सिद्दीकी मारले गेले आणि २०२२ चं पुलित्झर त्यांना मरणोत्तर, अदनान अबिदी, सना इर्शाद मट्टू व अमित दवे यांच्यासह मिळालं. सरकारी आकडे आणि स्मशानातली रांग जुळत नव्हती, तेव्हा तारीख-ठिकाणासह असलेला तो फोटो ही एक नोंदवही झाली. म्हणूनच त्यावर एवढा राग निघाला.

आता रस्ता यवतमाळकडे वळवू. वारंग्याहून उमरखेड मार्गे जाणारा हाच महामार्ग यवतमाळ जिल्ह्यात शिरतो, आणि तिथल्या राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री टी-१ म्हणजे अवनी वाघीण मारली गेली. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर. मारलेल्या वाघिणीचा फोटो बाहेर आला, त्यात तिच्या मांडीवर बेशुद्धीचा डार्ट रोवलेला दिसत होता. आधी डार्ट मारला, ती अंगावर आली म्हणून गोळी घातली, हे निवेदन त्या डार्टवर उभं होतं. जाणकारांनी तोच फोटो मोठा करून पाहिला आणि शंका घेतली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी अहवालात पुढे हा डार्ट बंदुकीतून सुटलेला दिसत नाही, हाताने खोचलेला दिसतो, असंच नोंदवलं गेलं. पुरावा म्हणून पुढे आलेला फोटो स्वतःच्याच फोटोओळीविरुद्ध साक्ष देऊन गेला.

या प्रकरणात दुसऱ्या बाजूचाही अन्याय आहे. अवनीचे आणि तिच्या दोन बछड्यांचे फोटो दिल्ली-मुंबईच्या पानांवर झळकले, मेणबत्त्या पेटल्या. मेलेल्या तेरा जणांचे फोटो, आधारकार्डावरचे किंवा लग्नातल्या गटफोटोतून कापलेले, स्थानिक आवृत्तीच्या पुढे गेले नाहीत. कापूस वेचायला रानात एकटं जावं लागतं, ही गोष्ट वाघिणीच्या डोळ्यांच्या फोटोत मावत नाही. बिप्लब हाजरा यांच्या २०१७ च्या, सँक्च्युअरी मासिकाचा पुरस्कार मिळालेल्या फोटोत जमाव जळते गोळे फेकतो आहे आणि हत्तीचं पेटलेलं पिल्लू आईमागे धावतं आहे. बंगालच्या बांकुड्यातला हा फोटो पाहून माणसाची लाज वाटते. पण त्या जमावातल्या किती जणांचं भात त्या हंगामात तुडवलं गेलं, हे फोटो सांगत नाही. ओळीने सांगायला हवं.

सहजीवनाचेही फोटो आहेत, पण त्यांना धीर लागतो. मुंबईचे नयन खानोलकर यांनी आरेच्या वारली पाड्यातल्या बोळात कॅमेरा लावून काही महिने वाट पाहिली; दिव्याच्या उजेडात घरांमधून निवांत जाणारा बिबट्या त्यांना मिळाला आणि २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत शहरी विभागाचं बक्षीसही. आणि आपल्या हिंगोलीचा पाहुणा? टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ तेलंगणात जाऊन, नांदेड, हिंगोली, वाशीम ओलांडत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सगळी भटकंती मिळून सुमारे तीन हजार किलोमीटर. वाटेत एका झुडपात तो विसावला असताना जमाव आत शिरला तेव्हा एक माणूस जखमी झाला. याखेरीज एवढ्या वाटचालीत त्याने माणसाला त्रास दिला नाही. त्याचं सर्वांत बोलकं चित्र कॅमेऱ्याने काढलेलं नाही. कॉलरच्या ठिपक्यांची वेडीवाकडी रेघ असलेला तो नकाशा, त्यात तारीख आहे, जागा आहे. अशी ओळ कोणत्या वार्ताहराने लिहिली?

ओळ चुकली की काय होतं याचं जगातलं मोठं उदाहरण सुदानचं आहे. केव्हिन कार्टर यांचा १९९३ चा फोटो : भुकेने वाकलेलं मूल आणि मागे गिधाड. पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी कार्टर यांनी आत्महत्या केली. जग वर्षानुवर्षं त्या मुलीचं काय झालं असं विचारत राहिलं. २०११ मध्ये एका स्पॅनिश दैनिकाने शोध घेतला तेव्हा कळलं की तो मुलगा होता, त्या दुष्काळातून वाचला होता आणि या शोधाच्या काही वर्षं आधीच तापाने गेला होता. एवढ्या गाजलेल्या फोटोत मुलगा की मुलगी एवढंही धड नव्हतं.

उलट आपल्याच दोन छायाचित्रकारांनी ही गोष्ट किती नीट सांभाळली होती! नारायण विनायक विरकर मुंबईहून अमृतसरला गेले आणि १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेच्या भिंतींचे फोटो काढले. नुसती भिंत काढली असती तर ती पोपडे गेलेली कुठलीही भिंत झाली असती. विरकरांनी गोळ्यांच्या खुणांपाशी माणसं उभी केली. २००८ च्या २६ नोव्हेंबरला सीएसएमटीवर सेबॅस्टियन डिसोझा यांनी दहशतवादी कसाबचा फोटो काढला. पुढे खटल्यात ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि कुठून, केव्हा, किती अंतरावरून, हे शपथेवर सांगितलं. फोटोमागे उभं राहायची तयारी असलेला माणूस, याला मी वृत्तछायाचित्रकार म्हणेन. अर्थात ओळीत सगळंच लिहायचं नसतं. अत्याचार झालेल्या मुलाचं नाव लिहू नये, हे कायदाच सांगतो. रुग्णाचं त्याला विचारल्याशिवाय लिहू नये, हे सभ्यता सांगते. पण लपवायचं तेही माहीत असावं लागतं.

मराठवाड्याच्या गेल्या पन्नास वर्षांचे फोटो, नामांतराच्या लढ्याचे, दुष्काळी छावण्यांचे, फाट्याफाट्यावरच्या रास्ता रोकोंचे, आजही मुख्यतः बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंच्या माळ्यावर निगेटिव्हच्या पाकिटांत आणि जुन्या वार्ताहरांच्या बिघडलेल्या हार्ड डिस्कमध्ये आहेत. बुरशीला फोटोतलं राजकारण कळत नाही. ते काढणारी माणसं सत्तरीत आहेत. तुमच्या गावात असा एखादा स्टुडिओवाला असेल तर या दिवाळीत फराळाला जाताना वही-पेन बरोबर न्या. एकेक फोटो पुढे ठेवून विचारा : कोण, कुठे, कधी, कशासाठी. सांगतील ते मागे पेन्सिलीने लिहा, आणि जमलं तर त्याची एक प्रत जिल्हा ग्रंथालयात किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पोहोचवा. फोटो काढणाऱ्याचं नाव तेवढं विसरू नका.