डबीतले टोळ

मे 2020 मध्ये टोळधाड मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत उतरली, तेव्हा मोर्शी-काटोलकडच्या शेतकऱ्यांनी थाळ्या बडवल्या, शेताच्या बांधावर धूर केला. कृषी खात्याने फवारे मारले. त्याच जातकुळीतला टोळ इंग्लंडमध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानात पारदर्शक डबीत, आकारानुसार लेबल लावून मिळतो. पोरांना शाळेतून आणताना वाटेत दुधाबरोबर टोळांची डबी उचलणारे आईबाप तिथे आहेत आणि त्यात मराठी घरंही आहेत. कारण घरी बिअर्डेड ड्रॅगन असतो. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला सरडा, स्वभावाने गरीब, खांद्यावर बसून टीव्ही बघणारा. कुत्र्याला फिरवावं लागतं, मांजराचे केस सोफ्यावर उडतात, याचं तसं काही नाही, अशा हिशेबाने तो घरात येतो. मग कळतं की त्याचं खाणं (टोळ, रातकिडे, अळ्या) जिवंत असतं आणि त्या खाण्यालाही खायला घालावं लागतं.

लोक चुकतात ते इथेच. किडे म्हणजे फडताळात ठेवलेला शिधा, असं धरून चालतात. दुकानातून आणलेला रातकिडा बहुधा उपाशी असतो. कारखान्यातून निघाल्यापासून त्याच्या वाट्याला मूठभर कोंडा आणि अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा, एवढंच आलेलं असतं. असा रिकाम्या पोटाचा किडा सरड्याला घातला तर त्याच्या पोटात नुसतं टरफल जातं. म्हणून सरड्याला देण्याआधी एक-दोन दिवस किड्यांना चांगलंचुंगलं खाऊ घालायचं: गाजर, रताळं, कोबीची हिरवी पानं. त्यांनी खाल्लेलंच पुढे सरड्याला लागतं.

तेवढ्यानेही कॅल्शियमचं भागत नाही. सरड्याला फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त हवं. रातकिड्यात मात्र कॅल्शियमच्या सात-आठपट फॉस्फरस. मीलवर्म नावाने मिळणाऱ्या पिवळ्या अळ्यांत तर हे प्रमाण आणखी बिघडलेलं. (आपल्या पिठाच्या डब्यात होणाऱ्या किड्यांचे हे मोठे भाऊबंद.) ही तूट सरडा स्वतःच्या हाडांतून भरून काढतो. हाडं मऊ पडतात, जबडा बोटाने दाबला तर लवतो, पाय वाकडे होतात. पिल्लांच्या बाबतीत हे काही महिन्यांत घडतं आणि एकदा वाकलेलं हाड सरळ होत नाही. यावरचा उपाय मात्र घरगुती आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत चिमूटभर कॅल्शियमची पूड घ्यायची, त्यात पाच-सहा किडे सोडायचे, पिशवीचं तोंड धरून हलकेच हलवायची. काळा रातकिडा पांढराफटक होऊन बाहेर पडतो, मिशा झटकतो आणि लगेच पाय साफ करायला लागतो. थोड्याच वेळात बरीच पूड झाडून टाकतो, म्हणून पिशवीतून निघाल्या निघाल्या तो सरड्यासमोर जायला हवा. शिवाय पिंजऱ्यावर अतिनील किरणांचा दिवा हवाच. त्यावाचून सरड्याच्या अंगात ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही आणि पोटात गेलेलं कॅल्शियम वाया जातं.

विकत घेताना डबी हातात धरून उजेडात बघावी. तळाशी मेलेले किडे किती, आत वाफ धरली आहे का, झाकण किलकिलं केलं तर कुबट वास येतो का? मेलेला किडा लगेच सडतो आणि दमट डबीत बाकीचेही त्याच्या मागे जातात. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. रातकिडे अर्धवट वाढीचे घ्यावेत, कारण किरकिर करतो तो पंख फुटलेला नर. पूर्ण वाढलेल्या रातकिड्यांची डबी माजघरात ठेवली की रात्रभर मैफल चालते. टोळ महाग पडतो, पण तो गप्प असतो, फटीत लपत नाही, त्याला वासही फारसा नसतो. माझं मत विचाराल तर एका सरड्यासाठी टोळच बरा.

घरी आणल्यावर किडे डबीत ठेवू नयेत. उंच, गुळगुळीत भिंतींचा डबा, झाकणाला बारीक जाळी, आत पुठ्ठ्याचे ट्रे उभे. पाण्याची वाटी ठेवली तर रातकिडे त्यात बुडून मरतात. बटाट्याची फोड पुरते. मीलवर्म फ्रिजमध्ये सुस्तावतात आणि आठवडे टिकतात. त्यांच्यासारखेच दिसणारे, पण बोटाएवढे सुपरवर्म थंडीने मरतात. शाकाहारी घरात फ्रिजवरून काय होतं ते सांगायला नको. पुण्याहून गेलेल्या आजींनी श्रीखंडाच्या डब्याशेजारी वळवळणारा डबा बघितला, की पुढचे दोन दिवस घरात फक्त नातवाशी बोलणं चालू असतं.

उरलेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात मोकळे सोडून झोपू नये. भुकेला रातकिडा झोपलेल्या सरड्याची कातडी कुरतडतो. बागेतले किडेही पकडून घालू नयेत. त्यांच्यावर कुठलं औषध पडलंय कोण जाणे. अमेरिकेत काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याची उदाहरणं शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये नोंदवली. तिथल्या काही काजव्यांच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं.

रातकिड्यांच्या धंद्यालाही साथीचा फटका बसला आहे. युरोपात पसरलेला एक विषाणू 2009-10 च्या सुमारास अमेरिका-कॅनडातल्या रातकिडा-शेतीत शिरला. माणसाला किंवा सरड्याला त्याचा त्रास नाही. पण ‘घरगुती रातकिडा’ या जातीच्या किड्यांच्या खोल्याच्या खोल्या पाठीवर पडून मेल्या आणि काही शेतं कायमची बंद झाली. आज मिळणारे पट्ट्यांचे रातकिडे, ही वेगळी जात, त्या साथीनंतर पुढे आले.

आपल्याकडे सुपरवर्म मिळतात ते मुख्यतः अरोवाना मासा पाळणाऱ्यांसाठी. सरडा पाळायचा विचार असेल तर आधी कायदा बघावा. घोरपड, सरडगुहिरा, तारा कासव हे आपले प्राणी घरात ठेवणं गुन्हा आहे. परदेशी जातींपैकी ज्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

इंग्लंडमधल्या मराठी घरांची खरी अडचण येते सुट्टीत. डिसेंबरात तीन आठवडे भारतात यायचं, तर शेजारी सरड्याकडे आनंदाने बघतात. रातकिड्यांचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडतो. सरडा वयात आलेला असेल तर सुटका आहे, कारण मोठा बिअर्डेड ड्रॅगन बराचसा पाल्यावर जगतो. रोज चिरलेली पानं आणि आठवड्यातून दोनदा फ्रिजमधले थोडे मीलवर्म, पूड लावून. पिल्लू असेल तर त्याला दिवसातून दोन-तीनदा किडे लागतात. मग तिकिटं काढण्याआधी अशा दुकानाची चौकशी करावी, जिथे सरडा आणि त्याचे किडे दोन्ही ठेवून घेतात.