सोळा आणे जमीन, पण कशासाठी?

जुन्या मराठी गावाने आपली जमीन दोन शब्दांत वाटून ठेवली होती : काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरी वसायची. पिढ्यान्‌पिढ्या ढासळलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख आणि चुना यांच्या थरांतून पांढरीचे टेकाड तयार होई. म्हणूनच पुराणवस्तू-संशोधक अशी टेकाडे शोधत फिरतात. आज शहरे पसरताना पांढरी अपुरी पडते आणि घरे थेट काळीवर उभी राहतात. जमीन ‘बिगरशेती’ झाल्याची नोंद कागदावर होते. मातीचा स्वभाव मात्र त्या नोंदीने पालटत नाही.

‘चांगली जमीन’ या शब्दांना शेतीचाच संदर्भ आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या आणि १८४७च्या संयुक्त अहवालाने पक्क्या झालेल्या महसुली पाहणीत मातीची प्रत आणि खोली पाहून नऊ वर्ग पाडले. पावणेदोन हात खोलीची, बारीक पोताची काळी माती सोळा आणे. खोली घटेल आणि पोत बिघडेल तसे आणे उतरत दोनापर्यंत येत. चुनखड, रेती, उतार असे दोष असतील तर वर्ग आणखी खाली जाई. सातबाऱ्यावरचा ‘आकार’ हा त्याच पद्धतीचा वारस आहे. पण तो पीक किती येईल याचा अंदाज होता. घर किती टिकेल, हा प्रश्न त्या पाहणीने विचारलाच नव्हता.

शेताला जो गुण, तोच घराला दोष ठरतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणखनिजे भरपूर असतात. त्यांच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. हे साठवलेले पाणीच रब्बीची ज्वारी पोसते. वैशाखात मात्र त्याच रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराखालच्या मध्यभागी ओल बरीचशी कायम राहते, कडेची माती मात्र पावसाळ्यात वर उचलते आणि उन्हाळ्यात खाली बसते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, दार चौकटीत अडते, फरशी उचलते. हलक्या बांधकामाला याचा त्रास अधिक होतो. बैठे घर, कुंपणाची भिंत, अंगण यांचे वजन मातीच्या फुगण्याच्या जोरापुढे कमी पडते. आयुष्यभराच्या बचतीतून बांधलेले घर बहुधा बैठेच असते.

त्यामुळे प्लॉट पाहायचा तो वैशाखात एकदा आणि श्रावणात एकदा. विक्रीआधी वर अंथरलेला ताजा मुरूम खालची काळी झाकतो, बुजवलेला ओढा किंवा खाणही झाकतो. शेजारची कच्ची विहीर अधिक खरे सांगते. तिच्या कडेला काळी माती, मुरूम, मऊ खडक, पाषाण असे थर उघडे दिसतात. काळी किती फुटांवर संपते, ते तिथे मोजता येते. विहीर नसेल तर मुरूम लागेपर्यंत चाचणीखड्डा घ्यावा.

माती किती फुगेल, हे पाहण्याची प्रयोगशाळेतली चाचणी साधी आहे. बारीक चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन नळ्यांत घालतात. एकीत पाणी ओततात, दुसरीत रॉकेल. रॉकेलने माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्हींचे आकारमान वाचतात. रॉकेलमध्ये दहा आणि पाण्यात सोळा मिलिलिटर भरले, तर मुक्त फुगवटा साठ टक्के. पन्नासच्या पुढे गेले की पायाचा वेगळा विचार करावा लागतो.

उपाय आहेत. काळीचा थर उथळ असेल तर पाया मुरमापर्यंत न्यावा. थर खोल असेल तर खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घालतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने हे तंत्र याच मातीसाठी विकसित केले. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट दाखवली : फुगणाऱ्या मातीवर एकसंध राहणाऱ्या पण न फुगणाऱ्या मातीचा दाबून बसवलेला थर. योग्य गुणांचा मुरूम त्याला चालतो. शिवाय पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरू देऊ नये आणि जोत्याला लागून फुलझाडांचे वाफे करू नयेत.

बाग करणाऱ्यासाठी हिशेब पुन्हा उलटतो. घराला तारणारा मुरमाचा भराव रोपांना जवळजवळ निरुपयोगी असतो. म्हणून बांधकामाआधी वरची माती एका बाजूला काढून ठेवावी. लिंबू-संत्र्याला खोल काळीही मानवेलच असे नाही. पाणी तुंबले की मुळे कुजतात, आणि चुनखड जास्त असली की झाडाला लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचे दुखणे निराळे. ती आम्लधर्मी असते आणि तिच्यातले लोह व ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. पण तोच जांभा चिऱ्यांच्या रूपाने घराची भिंत होतो.

सौद्याच्या बोलण्यात रस्ता, पाणी, वीज, दिशा आणि भाव येतात. त्या यादीत मातीची खोली आली पाहिजे. चाचणीखड्ड्याला लागते एका दिवसाची मजुरी, आणि तो इसार देण्याआधी घेता येतो.